गुलाबाची पेटी आणि मधली भिंत

मी बोलतेय, सभागृहाच्या कोपऱ्यातल्या या उंच कपाटातून! घाबरू नका. मी सरकती भिंत आहे. मोठा हॉल आणि छोटा हॉल यांच्या मधोमध उभं राहायचं आणि दोन परिषदा एकमेकींपासून लांब ठेवायच्या, हा माझा धंदा. सध्या घडी घालून आत ठेवलंय मला. बोलायला कधीची अधीर झालेय, त्यामुळे मध्ये थांबवू नका.

माझा जन्म कारखान्यातला. उंचच उंच पॅनेलं, प्रत्येकाच्या पोटात ठासून भरलेली, आवाज गिळणारी लोकर आणि वरून करड्या कापडाचा अंगरखा. इथे आणून मला छतातल्या रुळाला टांगलं. पॅनेलं एकाला एक भिडवायची आणि कडेच्या भोकात हँडल घालून फिरवायचं. मग वरून आणि खालून रबरी पट्ट्या बाहेर येतात आणि छताला, जमिनीला घट्ट बसतात. त्यानंतर इकडचा शब्द तिकडे जाईल तर शपथ!

हे हँडल फिरवतात सरकाका. रुळाखाली कुणी रेंगाळलं की ते "सरका, सरका!" म्हणून ओरडतात, त्यावरून हे नाव पडलं. त्यांचं खरं नाव बहुधा त्यांच्या बायकोला तेवढं ठाऊक असावं.

आवाज अडवण्याचा मला भारी तोरा होता. इकडे विमा विकणारे टाळ्यांनी हॉल डोक्यावर घेत आहेत आणि तिकडे दातांचे डॉक्टर शांतपणे दाढा बघत आहेत, तरी एकाला दुसऱ्याचा पत्ता नाही. दोन्हीकडचं ऐकू यायचं ते फक्त मला.

आणि माणसांच्या तऱ्हा तरी काय सांगू! गळ्यात नावाची पट्टी घालतात, ती नेमकी उलटी फिरते, मग नाव कळेना म्हणून एकमेकांच्या पोटाकडे बघत बोलतात. पडद्यावरच्या प्रत्येक चित्राचा फोटो काढतात आणि पुन्हा कधी उघडून बघत नाहीत. खरं बोलणं होतं चहाच्या टेबलापाशी. पण मोठ्या हॉलचा चहा पुढच्या दाराशी आणि छोट्या हॉलचा मागच्या दाराशी. दोन्हीकडचे लोक आयुष्यात कधी एका कपबशीपाशी आले नाहीत.

मग असा काळ आला की सगळे घरी बसून पडद्यावर परिषदा भरवू लागले. मला कपाटात ढकललं, वर धूळ बसली. "आता कोण कशाला प्रवास करून येतंय?" असं मॅनेजरबाई फोनवर म्हणाल्या, तेव्हा माझ्या पोटातली लोकर गोठली. आणि एक दिवस खटाखट दिवे लागले! माणसं परत आली, आणि कशी! भेटल्या भेटल्या मिठ्याच मारत होती. "पडद्यावर सगळं कळतं हो, पण ओळख होत नाही," असं जो तो म्हणत होता. नव्या तऱ्हाही आल्या. प्लास्टिकच्या बाटल्या गेल्या, पाण्याचे काचेचे जग आले. जे घरीच राहिले त्यांच्यासाठी कोपऱ्यात कॅमेरा आला. मी तर आनंदाने वेडी व्हायची बाकी होते.

आता ऐका त्या दिवसाचं!

मोठ्या हॉलमध्ये फुलांच्या व्यापाऱ्यांचा मेळावा होता. छोट्या हॉलमध्ये होते डोंगराळ भागातल्या लहान दवाखान्यांचे डॉक्टर आणि नर्स. हे दरवर्षी यायचे आणि दरवर्षी त्यांच्या खुर्च्या कमी व्हायच्या. त्यांच्या अध्यक्ष म्हणजे एक डॉक्टरबाई. बसका आवाज, बोलणं तोडून टाकल्यासारखं.

सरकाका शेवटच्या पॅनेलापाशी पोचले होते. तेवढ्यात मोठ्या हॉलमधून ओरडा झाला, "काका, धावा, फुलांची कमान पडतेय!" काका "आलो, आलो" करत धावले, ते हँडल हातात घेऊनच. माझं शेवटचं पॅनेल तसंच अधांतरी लटकत राहिलं. खाली चांगली बोटभर फट! बुटाची नाडी सुटावी आणि चारचौघांत उभं राहावं लागावं, तशी माझी गत झाली.

इकडे डॉक्टरबाई बोलायला उठल्या. "यंदा मी लांबण लावणार नाही. रक्ताच्या पिशव्या खालच्या रक्तपेढीतून वर डोंगरात न्यायच्या, म्हणजे निम्मा दिवस जातो. बर्फ घातला तर रक्त कडेने गोठतं, फुकट जातं. नाही घातला तर तापतं. मागच्या महिन्यात एक बाळंतीण होती. पिशवी वेळेत पोचली, पण गोठलेली. बाळ वाचलं, आई गेली." मग त्या म्हणाल्या, "आज काही मार्ग निघाला नाही, तर मी वरचं प्रसूतिगृह बंद करणार आहे. बायकांना खोटा भरवसा देऊन ठेवणं मला जमायचं नाही."

आणि त्याच घटकेला पलीकडे फुलवाल्यांचे पुढारी गुलाबशेठ माईक तोंडाशी धरून गर्जत होते. "गुलाब कसा हवा? गार हवा! पण गोठलेला नको! गोठला की पाकळी काळी, माल कचऱ्यात. म्हणून बघा आमची ही नवी पेटी. बर्फ नाही, जेलच्या पिशव्या आहेत, आणि त्यासुद्धा फुलाला शिवत नाहीत. दोन दिवस प्रवास करा, फूल जसंच्या तसं!"

अहो, माझं काय झालं असेल! मी दोन्हीकडचं ऐकतेय! डॉक्टरबाई, तुमचं उत्तर माझ्या पाठीमागे उभं आहे हो, फेटा बांधून मिरवायचंच काय ते बाकी आहे त्याचं! पण मी ओरडणार कशी? गप्प राहण्यासाठीच तर मला घडवलेलं.

ओरडले नाही मी. फटच माझ्यासाठी बोलली.

शेठनी दिवे मालवून पेटीची फिल्म लावली. हळुवार संगीत, पडद्यावर संथपणे उमलणारी कळी, हॉल चिडीचूप. आणि माझ्या पायाखालून बसका आवाज आला, "...आणि सडलेलं रक्त कुणाच्या अंगात चढवू मी?"

कुणीतरी फिस्सकन हसलं. शेठ लालबुंद! "कोण आहे तिकडे?" म्हणत तरातरा निघाले, बाहेरच्या बोळातून वळसा घालून छोट्या हॉलच्या दारात. मागोमाग सरकाका, हातात हँडल, चेहरा पार उतरलेला. "शेठ, चूक माझी आहे. एका मिनिटात बंद करतो फट."

शेठनी ओरडायला तोंड उघडलं. नेमक्या त्याच वेळी डॉक्टरबाई म्हणत होत्या, "गार हवं, पण गोठायला नको. एवढंच मागणं आहे हो माझं."

शेठचं तोंड तसंच उघडं राहिलं. "काय म्हणालात? परत म्हणा बघू."

"तुम्ही कोण?"

"मी फुलं विकतो. अहो, परत म्हणा ना!"

डॉक्टरबाईंनी परत म्हटलं. शेठनी कपाळावर हात मारला. "बाई, हे तर माझं गुलाबाचं रडगाणं! चार वर्षं हेच रडलोय मी!"

डॉक्टरबाई भुवया आवळून म्हणाल्या, "हे रक्त आहे शेठ, फूल नाही. पुरतं तपासल्याशिवाय मी एक पिशवीसुद्धा ठेवणार नाही त्यात."

"तपासा की! उन्हात ठेवा, आपटा, वर चढून बसा!"

डॉक्टरबाईंच्या शेजारच्या सिस्टर एव्हाना उठून उभ्या राहिल्या होत्या. "पेटी कुठे आहे पण?"

"या भिंतीच्या पलीकडे."

"मग वळसा कशाला? काका, काढा ही मधली."

गोंधळ ऐकून मॅनेजरबाई धावत आल्या होत्या, सरकाकांनी त्यांच्याकडे पाहिलं. परिषद रंगात असताना भिंत उघडणं म्हणजे आमच्या धंद्यात पाप! मॅनेजरबाईंचे डोळे कपाळात गेले होते. मग त्यांनीच होकारार्थी मान डोलावली. काकांनी माझ्यावर हात ठेवला आणि हळूच म्हणाले, "चल गं बाई."

आणि मी निघाले! पट्ट्या आत गेल्या, चाकं घरंगळली, एकेक पॅनेल वळलं, आणि तिकडचा उजेड इकडे सांडला. फुलवाले वळून बघतायत, नर्स टाचा उंचावून बघतायत. "सरका, सरका!" काकांनी असा आवाज लावला की अख्खा हॉल सरकला. आयुष्यभर मी घट्ट बसण्याचा तोरा मिरवला, पण मोकळं होण्यात एवढी मजा असते हे मला त्या दिवशी कळलं.

शेठनी पेटीतले गुलाब भराभर टेबलावर ओतले. सिस्टरनी आत थर्मामीटर ठेवला आणि संध्याकाळपर्यंत पेटीपाशीच ठाण मांडलं. दर थोड्या वेळाने आकडा सांगायच्या आणि डॉक्टर, फुलवाले सगळे एका सुरात "वा!" करायचे. त्या दिवशी चहा एकाच टेबलावर झाला. अर्थात एका दुपारीत रक्ताची पेटी होत नाही. पुढे रक्तपेढीत कितीतरी दिवस तपासण्या चालल्या, दोनदा पेटीत बदल झाले. डॉक्टरबाई शेठना फोनवर रागवायच्या, शेठ ऐकून घ्यायचे. पण झाली पेटी! प्रसूतिगृहाच्या दाराला कुलूप लागलं नाही.

आणि आता गंमत बघा, ही गोष्ट धंद्यात पसरली. हॉल ठरवायला येणारे पूर्वी विचारायचे, "पलीकडचा आवाज तर येणार नाही ना?" आता विचारतात, "त्या दिवशी पलीकडे कोण आहे हो? चहाला भिंत उघडाल का?" मी ऐकते आणि आतल्या आत फुलून जाते.

आजही डॉक्टरबाईंचीच परिषद आहे. एवढी माणसं आली की दोन्ही हॉल एक करावे लागले, म्हणून तर मी कपाटात. इथून सगळेच शब्द नीट कळत नाहीत. मघाशी डॉक्टरबाई कुणालातरी मंचावर बोलावत होत्या, थंडीत वरच्या प्रसूतिगृहात बाळंत झालेली, पेटीतलं रक्त चढवलेली कुणी मुलगी. ती माईकपाशी काहीतरी पुटपुटली. मग कुणाच्यातरी कडेवरचं एक तान्हं बाळ माईकमध्येच भोकांड पसरून रडलं, आणि "अगं, आईकडे दे त्याला!" म्हणून सगळा हॉल हसला.

मला बाहेर काढायची घाई करू नका. आणि काढायची वेळ आलीच, तर हँडल फिरवण्याआधी पलीकडे जाऊन एवढं विचारून या, की तुमचं काय अडलंय?