काळपट टोमॅटोची ओळ

हेमकांतने शहाद्याच्या कृषी प्रदर्शनातून आणलेला बियाण्यांचा कॅटलॉग ओट्यावर टाकला आणि तो म्हशीला पाणी दाखवायला गेला. त्याच्या बायकोने, चारुलताने, हात पुसून तो उचलला. चेरी टोमॅटोची पानं आली तिथे ती अशी रमली, की चुलीवरची भाजी खाली लागली तेव्हाच भानावर आली.

कळसाडीत जिकडे पाहावं तिकडे ऊस आणि कापूस. चारुलताने मात्र घरामागच्या तुकड्यात सावलीच्या जाळीचं शेडनेट उभं केलं होतं आणि त्यात लाल चेरी टोमॅटो घेत होती. शहाद्याची नईमा येऊन माल घेऊन जायची, डब्यांत भरून सुरतेच्या हॉटेलांना पाठवायची. दोघींचं चांगलं जमलं होतं; नईमा तिला भाभी आणि तिच्या सासूबाईंना खाला, म्हणजे मावशी, म्हणायची.

कॅटलॉगात पिवळे होते, केशरी होते, एक तर काळपट तपकिरी होता. चारुलता ते पान पुनःपुन्हा उघडायची आणि मिटून ठेवायची. मागच्या वर्षी असाच एक फोटो पाहून तिने सगळं शेडनेट एका नव्या लांबट वाणाने भरलं होतं. फुलं लागायच्या सुमारास पानं आकसून वळली आणि झाडं खुरटली. एकेक रोप तिने स्वतःच्या हाताने उपटलं होतं. हेमकांत तेव्हा एक अक्षर बोलला नव्हता. तेच तिला जास्त लागलं होतं.

आता मात्र तो बोलला. "शे तो लाल काय वाईट शे?"

"वाईट नही. पन नईमा सांगस, सुरतवाला रंगीत मागी ऱ्हायना."

"गये साल काय व्हयनं, याद शे ना?"

"याद शे म्हनीसनच इचारी ऱ्हायनू."

हेमकांतने कॅटलॉगाचं ते पान पाहिलं. "मंग बठं शेडनेट नको भरू. एक कोपरा लाव. गयं ते कोपराच जाई."

इतकं साधं आपल्याला का सुचलं नाही, याचा चारुलताला राग आला. पण कोपरा तिने ठरवला. पिवळ्याच्या दोन ओळी, काळपट एक, बाकी सगळा नेहमीचा लाल. रोपं ट्रेमध्ये वाढवली, लावली, सुतळीने तारेला बांधली. रोज सकाळी ती आधी त्या कोपऱ्यात जायची आणि पानं उलटून पाहायची. या वेळी पानं सरळ राहिली. पिवळ्याचे घोस लागले. काळपट वाण मागून आलं, पण आलं. ते तयार होताच तिने नईमाला फोन केला. "उद्या ये. तिन्ही रंग नमुन्याले लई जा."

दुसऱ्या दिवशी चारुलता बाजारातून परतली तर तिच्या सासूबाई कौसाबाई अंगणात हात धूत होत्या.

"चारू, तुन्हा त्या कोपराना भेद्रा सडी गयथात," त्या म्हणाल्या. टोमॅटोला त्या जन्मभर भेद्रेच म्हणत आल्या होत्या. "रोग पसरी जाई म्हनीसन बठा तोडात नि म्हशीले टाकी दिधात."

चारुलता धावत शेडनेटमध्ये गेली. पिवळ्याला हात लागला नव्हता, काळपट ओळ मात्र पार मोकळी झाली होती. पानाआड राहिलेले चार-दोन तेवढे हाती लागले. ते घेऊन ती परत आली तेव्हा तिचा आवाज चढलेला होता. "माय, हाई सडेल नही, पिकेल शेतस! त्यास्ना रंगच असा शे!"

कौसाबाईंचा चेहरा उतरला. त्यांनी एक टोमॅटो घेतला, पदराला पुसला, तोंडात टाकला. बराच वेळ चघळला.

"गोड शे माय," त्या हळूच म्हणाल्या. "म्हैसनीच मजा करी."

चारुलताला हसू आलं आणि ते आल्याचाही राग आला.

एवढ्यात नईमाची गाडी दारात लागली. चारुलताने तोंड उघडायच्या आधीच कौसाबाई पुढे झाल्या. "नईमा, तिले काही बोलू नको. सडेल समजीसन मीच टाकी दिधात."

नईमा खळखळून हसली. मग उरलेला एक टोमॅटो हातात घेऊन तिने उजेडाकडे धरला आणि तिचं हसू थांबलं. "भाभी, खालाले सडेल वाटनात, ते सुरतना गिऱ्हाईकले काय वाटी?"

चारुलता हाच विचार करत होती. ज्या बाईचं आयुष्य भेद्रे तोडण्यात गेलं तिला जे सडलेलं दिसलं, ते हॉटेलात ताटात पाहून कुणी तोंडात घालेल का? चव कळायला आधी खावं लागतं. प्रत्येक डब्यासोबत समजावून सांगायला ती किंवा नईमा थोडीच जाणार होती!

"पिवळा लई जा," ती म्हणाली. "काळा ऱ्हाऊ दे."

पिवळे सुरतेला पोहोचले. मधल्या ढगाळ, दमट दिवसांत काहींची साल तडकली, त्यावरून नईमा फोनवर चांगलीच कुरकुरली. पण पुढच्या खेपेला तिने तेच जास्त मागितले. नव्या लागवडीच्या वेळी चारुलताने पिवळ्याच्या ओळी वाढवल्या.

"मंग काळा नहीच?" हेमकांतने विचारलं.

"इकाले नही," ती म्हणाली. "घरले दोन झाडं लावसू. मायले खावाना शेतस."