बांधाखालची हिरवळ

गुडगावात परदेशी कंपन्या येऊ लागल्या, तसे त्यांच्या साहेबांना फार्महाउस हवं झालं. फार्महाउस म्हटलं की तळं, तळ्यात बदकं. म्हणून सेठीजी बिल्डरांनी टेकड्यांमधला ओढा अडवून स्वतःचं धरण बांधलं. धरण कसलं, मातीचा बांध. तो सुरक्षित आहे अशी सही माझ्या नवऱ्याने, श्रीपादने, करायची होती. त्यासाठी मे महिन्यातल्या एका रविवारी त्याच्या साहेबांसह आम्ही सहकुटुंब तपासणीला. तपासणी म्हणजे आधी छोले-भटुरे, मग साहेबांचा बदकांबरोबर फोटो.

बांधाच्या पायथ्याशी सतरंजी घातली होती. तिथून उताराखाली, ओढ्याच्या पात्रातच, मजुरांच्या झोपड्या.

"भाभीजी, घास देखो," सेठीजी म्हणाले. "मई में भी हरी. एक बाल्टी पानी नहीं डालते. सब ऊपरवाले की कृपा."

"मातीच कसदार," साहेब म्हणाले. सगळी नोकरी धरणांत गेलेला माणूस.

माझं पिल्लू, तनया, नुकतंच रांगायला लागलेलं. गवतात स्वतःशीच हसत निघालं. उचललं तर इवले गुडघे चिखलाने माखलेले. मी तळवा दाबला. गढूळ पाणी वर आलं.

"श्रीपाद, इकडे ये."

त्याने टाच रोवून पाहिलं आणि बूट गवताला पुसला. लग्नानंतर नैनितालला तलावाकाठी यानेच सांगितलं होतं: स्वच्छ पाणी झिरपलं तर लक्ष ठेवायचं, गढूळ आलं तर समजायचं, बांध आतून वाहून चाललाय. प्रेमाचं बोलणं त्याला यापेक्षा जमत नसे.

"सांग ना साहेबांना."

"अगं, ते बघतायत की."

साहेब बघत होते नकाशा. अधिकाऱ्यांना सवलतीत मिळणाऱ्या प्लॉटांचा.

श्रीपादने गाडीच्या बॉनेटवर कागद ठेवून सही केली. मग माझ्या कानाशी येऊन, लाडात म्हणाला, "आपण वरच्या अंगाचा प्लॉट घेऊ यार. बांधाखालचा नको."

बघा, शिक्षण वाया गेलं नव्हतं.

तनयाला कडेवर घेऊन मी उतारावरून खाली निघाले. पहिल्या झोपडीपुढे एक बाई पोराला रोटी कुस्करून भरवत होती. माझं हिंदी दिल्लीच्या सरोजिनी नगर बाजारात घासाघीस करण्यापुरतं.

"बहन, बारिश से पहले यहाँ से उठो. बाँध टूटेगा."

तिने बांधाकडे पाहिलं, मग तनयाच्या गुडघ्यांकडे. "कौन बोला?"

"इंजीनियर."

वर साहेबांची गाडी हॉर्न देत होती. मी पुढच्या झोपडीकडे वळले.