शेवटच्या थांब्याजवळचं घर

"साहेबांना कामावर जायला इथून किती वेळ लागेल?" एजंटाने विचारलं, आणि उत्तराची वाट न बघता स्वयंपाकघरातला नळ सोडून दाखवला. पाणी धो धो आलं. माझा मुलगा त्या पाण्याकडे अशा कौतुकाने बघत राहिला, जसं काही एजंटाने ते स्वतःच्या घरून आणलं होतं.

"जवळच आहे. पूल उतरला की चष्म्यांचं दुकान आहे ना, तिथे मी काचा बसवतो. चालत जाईन," मुलगा म्हणाला.

"मग प्रश्नच मिटला!" एजंटाने टाळी वाजवून नळ बंद केला. "घर बघायचं ते कमावत्या माणसाच्या सोयीने. बाकीची मंडळी काय, जुळवून घेतातच."

बाकीची मंडळी म्हणजे मी, माझी सात वर्षांची नात ठकी, आणि मुलाच्या खांद्यावर लाळ गाळत असलेलं आमचं बाळ. एजंटाने विचारलं नाही म्हणून इथेच सांगून टाकते. आमच्या घरात कमावती माणसं दोन आहेत. दुसरी माझी सून. ती बस चालवते.

घर घ्यायचं ठरलं ते बाळामुळे. भाड्याच्या दोन खोल्यांत आम्ही इतकी वर्षं काढली, पण बाळ रांगायला लागलं आणि जमीन पुरेनाशी झाली. ठकी खाटेवर बसून अभ्यास करते, कारण खाली वही ठेवली की बाळ तिचा फडशा पाडतं. मी स्वयंपाकघरात झोपते. फ्रिज माझ्या डोक्याशी घरघरतो, आणि मी घोरते म्हणून मुलगा तक्रार करतो. फ्रिजविरुद्ध त्याने कधी ब्र काढलेला नाही.

पुलाजवळचं हे घर लहान होतं, पण मला बघताक्षणी आवडलं. लिफ्ट होती, आणि दोन गल्ल्या सोडून माझी धाकटी बहीण राहते. मेहुणे गेल्यापासून ती एकटीच असते. आम्ही पुलाजवळ येतोय म्हटल्यावर बाईसाहेबांचा आनंद पोटात मावेना. संध्याकाळी फिरायला कुठे जायचं, कोणत्या बाकावर बसायचं, कुणाकुणाला नावं ठेवायची, सगळं तिने ठरवून टाकलं होतं. या वयात भांडायला हक्काचं माणूस मिळणं ही काही साधी गोष्ट नाही.

अडचण एकच होती. सुनेचा डेपो शहराच्या पार दुसऱ्या टोकाला, शेवटच्या थांब्यापाशी आहे. आत्ताच्या घरातून ती पहाटे अंधारात सायकल मारत जाते. पुलाजवळून ते शक्य नव्हतं. बसने जावं म्हटलं, तर सकाळची पहिली बस तीच काढते. मग तिला डेपोत कोण पोचवणार?

यावर तोडगाही तिनेच काढला होता. एका संध्याकाळी बाळाला भरवता भरवता म्हणाली, "मी चौकशीच्या खिडकीवर बदली मागते. मोठ्या स्टँडवर जागा आहे. पुलापासून जवळ पडेल." तिने इतकं सहज सांगितलं, की आम्हीही तितक्याच सहज ऐकलं. मुलगा म्हणाला, "हे बेस झालं." मी म्हटलं, "बसून काम, पाठीला बरं." बाळाने तेवढ्यात घास थुंकला आणि विषय संपला.

तर त्या दिवशी पुलाजवळचं घर बघून आम्ही खाली उतरलो. एजंटाला दुसरंही एक घर दाखवायचंच होतं. "घ्यायचं नसू द्या, बघायला काय जातंय? मोठं आहे. शेवटच्या थांब्याजवळ. मी पुढे होतो, तुम्ही स्टँडवरून थेट गाडी पकडा," असं म्हणून तो स्कूटरवर बसून पसार झाला.

दुपारच्या त्या गाडीवर आमची सूनच असणार होती. पहाटे निघताना तिने बजावलं होतं, "आलात तर या, पण ओळखपाळख नको. ड्युटीवर असते मी." तिची गाडी आमच्या भागात येत नाही, त्यामुळे इतक्या वर्षांत तिच्या गाडीत बसण्याचा योग आला नव्हता. घरात मला ती दिसते ती कुकर लावताना, ठकीच्या वेण्या घालताना, फार तर रविवारी आडवी झालेली. सरकारी खाकी कपडे दोरीवर वाळताना रोज बघते. त्या कपड्यांच्या आतली बाई मी बघितलीच नव्हती.

गाडी आली. दार उघडलं. ठकी पहिल्या पायरीवरूनच ओरडली, "आई!"

"आत सरका. दारात उभं राहू नका," सून समोर बघत म्हणाली. आवाज घरातला नव्हता. ठकी इतकी गप्प झाली, की तिला बरं नाही की काय असं मला वाटलं.

मुलगा बाळाला घेऊन पुढेच दांड्याला धरून उभा राहिला. 'ड्रायव्हरशी बोलू नये' अशी पाटी त्याच्या नाकासमोर होती. बायकोशी बोलायला सरकारी बंदी आहे म्हटल्यावर त्याने निमूट तोंड मिटलं. मला आणि ठकीला मध्ये जागा मिळाली. शेजारी, खिडकीपाशी, माझ्याच वयाच्या एक बाई पिशवी मांडीवर घेऊन डोळे मिटून बसल्या होत्या.

गाडी सुटली ती मला कळलंच नाही. बाहेरचं दुकान मागे जाताना दिसलं तेव्हा कळलं.

बाजाराच्या वळणावर एक ट्रक आडवा उभा होता. त्यातून कपाटं उतरवणं चाललं होतं. समोरून गाड्या, मागून गाड्या. जो तो हॉर्नवर हात ठेवून बसलेला. ट्रकवाला खाली उतरून सगळ्यांना एकदम शिव्या देत होता. आता हा माणूस माझ्या सुनेला काही बोलला तर मी काय करायचं, याची मनात तयारी सुरू केली. पिशवीत छत्री होती.

सुनेने इंजिन बंद केलं. खिडकीतून डोकं बाहेर काढलं आणि म्हणाली, "भाऊ, ते हातातलं कपाट आधी उतरवून घ्या, तुमच्या माणसाचा पाय सापडेल. मग मी थोडी मागे घेते, तुम्ही थोडे पुढे व्हा. भांडण त्यानंतर करू, मी आहे इथेच."

ट्रकवाल्याने वर बघितलं. हसला की काय कोण जाणे, पण त्याच्या आवाजाची पट्टी खाली आली. कंडक्टर मागे जाऊन शिट्टी वाजवू लागला. आणि ती एवढी थोरली गाडी, खच्चून भरलेली, त्या चिंचोळ्या रस्त्यातून मागे मागे जाऊ लागली. एका अंगाला फळांची गाडी, दुसऱ्या अंगाला दुकानाची काच. मी ठकीचा हात आवळून धरला होता. मग आजूबाजूला बघितलं, तर कुणाचंच लक्ष नव्हतं. एक जण फोनवर सिनेमा बघत होता. दोघी कॉलेजच्या मुली कुणाची तरी टिंगल करत होत्या. शेजारच्या बाईंनी तर डोळेही उघडले नाहीत.

"तुम्हाला भीती नाही वाटत?" मला राहवेना.

"कसली?" त्यांनी एक डोळा उघडला. "बाई आहेत ना आज. पोचू." मग जरा सरसावून बसल्या. "मी एक गाडी सोडते, पण हिच्याच गाडीने येते. ब्रेक लागलेला गुडघ्यांना कळत नाही. मध्ये ही रजेवर होती, तेव्हा दुसरा कुणी यायचा. आम्ही म्हणजे त्याला बटाट्याची पोतीच वाटत होतो."

ती रजा म्हणजे आमचं बाळ. सुनेने बजावलेलं सगळं मला आठवत होतं. पण काही गोष्टी माणसाच्या आवाक्याबाहेरच्या असतात.

"माझी सून आहे ती," मी म्हटलं.

"कोण?"

"गाडी चालवतेय ती."

बाईंनी मला एकदा वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. मग उठल्या, पिशवी सावरली आणि म्हणाल्या, "या, खिडकीत बसा तुम्ही."

मी बसले. आयुष्यात मला बरेच मान मिळालेत. लग्नाकार्यात पुढच्या रांगेत बसले आहे. मुलाला बक्षीस मिळालं तेव्हा शाळेने खुर्ची दिली होती. पण त्या दिवशी, बसच्या त्या फाटक्या सीटवर, मी जशी ताठ बसले तशी कधी बसले नव्हते. अभिमान वाटला, असं सरळच सांगते. पोटच्या पोराचा वाटतो, त्याहून जरा जास्तच वाटला, कारण हिच्या घडण्यात माझा काहीच हात नव्हता.

पुढे मुलगा उभा होता. समोरच्या मोठ्या आरशात सुनेचा चेहरा दिसत होता, आणि तो त्याच्याकडे बघत होता. बाळाने त्याचा चष्मा ओढून काढला तरी त्याचं लक्ष नव्हतं.

शेवटच्या थांब्यावर उतरल्यावर मात्र त्याचं डोकं ठिकाणावर आलं. "तास लागला गं आई," तो म्हणाला. "रोज जायला तास, यायला तास. माझं निम्मं आयुष्य रस्त्यात जाईल."

घर पहिल्या मजल्यावर होतं. लिफ्ट नव्हती. पण आत शिरलो आणि ठकी सुटली ती या खोलीतून त्या खोलीत, तिथून गॅलरीत. खोल्या तीन होत्या. बाळाला खाली सोडलं, तर ते रांगत रांगत इतकं लांब गेलं की स्वतःच घाबरून मागे बघायला लागलं. गॅलरीतून समोरच डेपोची भिंत दिसत होती. आत बस धुणं चाललं होतं.

एजंट नळाकडे वळणार, एवढ्यात जिन्यात बुटांचा आवाज आला. सून होती. गाडी परत सुटायला जरा अवकाश होता, म्हणून धावतपळत आली होती. दारातच थांबली. बुटांना चिखल होता म्हणून आत येईना.

"ये गं," मी म्हटलं.

"नको, निघायचंय." तिने दारातूनच मान आत घालून बघितलं. मग समोरच्या गॅलरीकडे तिची नजर गेली आणि तिथेच राहिली. डेपोच्या फाटकाकडे ती बघत होती. घर बघायला आलेलं माणूस भिंती बघतं, कोपरे बघतं. ती फाटक बघत होती.

"छान आहे," ती म्हणाली. मग पटकन, "पण पुलाजवळचंच बरं. यांना लांब पडेल. आणि आईंनाही मावशी जवळ होतील." ठकीच्या डोक्यावर टपली मारून ती खाली उतरली सुद्धा.

मुलगा एजंटाला म्हणाला, "मग ठरलं. पुलाजवळचं."

"मी पुलाजवळ राहायला येणार नाही," मी म्हटलं.

सगळे माझ्याकडे बघायला लागले. माझी मीच चपापले. पण तोंडातून निघालं होतं, आणि निघालं ते बरंच झालं असं लगेच वाटलं.

"अगं, मावशी आहे ना तिथे!"

"म्हणूनच. लांबून गोड आहे ती. रोज समोर आली तर दोन दिवसांत आमचं फाटेल."

"आई, काहीतरीच काय! आणि लिफ्ट?"

"माझे गुडघे मी बघते."

"आणि माझा तास?"

"शेवटचा थांबा म्हणजे सकाळी पहिला. बसायला जागा मिळते. खिडकीत बस, झोप काढ. गाडी फार छान चालवतात म्हणे."

एजंटाने तोंडावर हात ठेवला. मुलगा हसला नाही. हळू म्हणाला, "पण तीच म्हणाली होती ना, खिडकीवर बदली घेते म्हणून."

"ती म्हणाली. आपण विचारलं का तिला, आवडेल का म्हणून?"

तो गॅलरीत गेला. मीही गेले. खाली सून गाडीभोवती एक फेरी मारत होती. चाकांवर बूट आपटून बघितला, वर चढली, आरसा हाताने सारखा केला. आम्ही वरून बघतोय हे तिला माहीत नव्हतं. गाडी वळली आणि रस्त्याला लागली.

"मागे घेत होती ना बाजारात," मुलगा म्हणाला, "तेव्हा आरशात बघितलं मी तिच्याकडे. वेगळीच दिसत होती गं. जरासुद्धा घाबरली नव्हती. मीच मेलो भीतीने." त्याने बाळाच्या हातातून चष्मा सोडवून घेतला, शर्टाला पुसून डोळ्यांवर चढवला आणि एजंटाकडे वळला. "हेच घेऊ."

संध्याकाळी सून घरी आली. आम्ही सांगितलं तेव्हा ती दारात बसून बूट काढत होती. एक बूट पायात, एक हातात.

"आणि बदलीचं?" तिने विचारलं.

"कसली बदली?" मी म्हटलं.

ती माझ्याकडे बघत राहिली. ती काही खुळी नाही, बहिणीवर माझा किती जीव आहे हे तिला पक्कं ठाऊक आहे. "आई, तुम्ही..." एवढंच म्हणाली. मी म्हटलं, "हातपाय धू. भूक लागली असेल." ती आत गेली, आणि नळ जरा जास्तच वेळ वाहत राहिला.

मग मी फोन घेऊन आमच्या भाड्याच्या घराबाहेरच्या, गॅलरी म्हणायच्या त्या चार विटांवर जाऊन बसले. हा फोन मला एकटीलाच करायचा होता.

"कधी येताय?" बहिणीने उचलल्या उचलल्या विचारलं. "मी तो बाक बघून आले आज. सावली असते तिथे."

मी सांगितलं. ती म्हणाली, "इतक्या लांब? कशासाठी गं?"

"माझी सून पहिली गाडी काढते तिथून."

"ते माहिताय मला. पण आपलं काय?"

आपलं काय, हे मलाही कुणीतरी सांगायला हवं होतं. मी खाकरले.

"तू ये ना," मी म्हटलं. "स्टँडवरून थेट गाडी आहे. डोळे मिटून बस. गुडघ्यांना कळतसुद्धा नाही."

ती किती वर्षांत बसमध्ये चढलेली नाही. मेहुणे होते तेव्हा ते बरोबर असायचे. फोनवर तिच्या घरातल्या घड्याळाची टिकटिक तेवढी ऐकू येत होती.

"चढायचं कुठल्या दाराने?" तिने विचारलं.

"पुढच्या," मी म्हटलं. "पुढच्या दाराने चढ. ती दिसेल."