हातोडी किती वर गेली

आमच्या घरात दोन गवंडी आणि मी एकटी विज्ञानाची शिक्षिका. बाबा खालून हातोडी वर फेकायचे आणि दादा परांचीवरून झेलायचा. शिडी चढायचा कंटाळा, दुसरं काय! मी कितीदा ओरडले, पण माझं ऐकतंय कोण? वर गेलेली वस्तू टोकाला क्षणभर थांबते, तिथेच ती अलगद हातात घ्यायची, हे दोघांना माझ्या पुस्तकांशिवायच ठाऊक होतं.

सोमवारी हातोडी झेलली गेली नाही, ती खाली आली आणि खाली काम करणाऱ्या रंगाऱ्याचा खांदा मोडला. "माझाच हात चुकला," असं म्हणून दादाने मान खाली घातली. बाबा सगळ्यांदेखत त्याच्यावर बरसले. मुकादम दादाला उद्या कामावरून काढणार होता.

मला काही राहवेना. मी मुकादमाच्या मागे लागून कॅमेऱ्याचं चित्रण मिळवलं. कॅमेरा पहिल्या मजल्याच्या खिडकीपाशी. हातोडी त्याच्यासमोरून वर जाते आणि एक पूर्णांक दोन दशांश सेकंदांनी परत खाली जाते. म्हणजे चढायला निम्मा वेळ, शून्य पूर्णांक सहा दशांश. त्याचा वर्ग गुणिले पाच, म्हणजे गुरुत्वत्वरणाचा निम्मा आकडा. कॅमेऱ्याच्या वर जेमतेम एक मीटर ऐंशी. दादाचा हात होता कॅमेऱ्यापासून तीन मीटर वर.

मी तीनदा आकडेमोड केली. हातोडी त्याच्यापर्यंत पोचलीच नव्हती!

वही नाचवत मी स्वयंपाकघरात गेले. "दादा, सुटलास! तुझी काही चूक नाही. फेकच कमी पडली."

दादाचा चेहरा पांढराफटक पडला.

"वही मिट आधी."

"का म्हणून?"

"तीन महिने झाले, बाबांची फेक कमीच पडतेय. मी फळीवर आडवा होऊन, खाली हात सोडून झेलतो. सोमवारी मुकादमाने कमरेला सुरक्षेचे पट्टे बांधायला लावले. मला वाकताच आलं नाही. हे बाबांना कळलं तर ते परत थापी हातात धरायचे नाहीत."

मी वही मिटली, पण उशीर झाला होता. बाबा दारात उभे होते.

त्यांनी वही ओढून घेतली. "हे ऐंशी कसले?"

मला खोटं बोलवेना. "सेंटिमीटर, बाबा. एक मीटर ऐंशी."

त्यांनी भिंतीवर नजरेनेच माप घेतलं, आधी तेवढं, मग तीन मीटर. मधली जागा ते बघतच राहिले.

"चारचौघांत आंधळा म्हणालो मी याला," ते म्हणाले. "मुकादमाला फोन लाव. याच्या जागी माझं नाव सांग."

दादाने माझं मनगट घट्ट धरलं. माझ्याने नंबर दाबवेना.