एका पोळीचे चाळीस तुकडे

"काका, हा कुत्रा आहे की सोफा?" डॉक्टर उर्वीने भुऱ्याच्या कुशीत बोटं खुपसत विचारलं. "बरगड्या लागतच नाहीयेत हाताला. बत्तीस किलो! वीस-एकवीस बास होते. किती धापा टाकतोय बघा. काय घालता काय?"

हरिहरकाकांनी काट्याकडे पाहिलं. पाण्याचे मीटर वाचण्यात सारी हयात गेलेला माणूस आकड्याशी वाद घालत नाही.

"तुम्ही सांगितलंत तेवढंच, दोन वेळा. ते मी घालतो. मधल्या पोळ्या ही घालते."

ही म्हणजे योगिनीताई. दोन वर्षांपासून त्यांच्या डोक्यातून एकेक गळत चाललं होतं: जावयाचं नाव, गॅसचं बटण, कोपर स्टेशनजवळच्या इमारतीतला आपला मजला. एक काम तेवढं पक्कं उरलं होतं. दर अर्ध्या तासाने त्या दचकून उठत. "अगंबाई, भुऱ्या जेवलाच नाही!" मग तूप लावलेली पोळी. भुऱ्याही दर वेळी आठवडाभर उपाशी असल्यासारखा चेहरा करी. थापा मारण्यात घरात त्याचा हात कोणी धरत नसे.

"काकूंना थांबवा. नाहीतर हे वर्ष काही काढत नाही हा."

"थांबवलं तर ती दिवसभर करेल काय?"



त्यावर औषध काकांनीच काढलं. रोज सकाळी एका कोरड्या पोळीचे नखाएवढे चाळीस तुकडे, सोबत उकडलेली फरसबी. हा डबा योगिनीताईंपाशी, बाकीच्या पोळ्या माळ्यावर.

"डॉक्टरीणबाईंनी सांगितलंय, एकेक घास हातानेच भरवायचा."

"मग! मी तेच तर म्हणत होते," योगिनीताई म्हणाल्या.

भुऱ्याने पहिली फरसबी नेऊन काकांच्या चपलेत ठेवली. आठवड्याने तो तीही खाऊ लागला.

आठ महिन्यांनी काटा एकवीसवर आला. उर्वीने टाळी दिली. काका खुशीत घरी निघाले. भुऱ्या तीन जिने एका दमात चढून गेला. योगिनीताईंनी दार उघडलं आणि पाय मागे घेतला.

"हा कोणाचा हो?"

"अगं, आपला भुऱ्या!"

"काहीतरीच! आपला कसा गुटगुटीत आहे. ह्याला बिचाऱ्याला कोणी घालत नाही वाटतं खायला."

परक्याला द्यावा तसा लांबूनच त्यांनी त्याला एक घास टाकला. मग डबा घेऊन गॅलरीत गेल्या, कठड्यावरून खाली वाकल्या.

"भुऱ्या... ए भुऱ्या, जेवायला ये रे!"

भुऱ्या त्यांच्या पायाशी जाऊन बसला आणि प्रत्येक हाकेला शेपटी आपटून ओ देत राहिला.