काचेतलं आभाळ

कंपनीच्या सामाजिक जबाबदारी विभागात एकच बाई होती आणि सगळं ऑफिस तिला ‘दानताई’ म्हणायचं. तोंडावर मॅडम, पाठीमागे दानताई. तिला हे ठाऊक होतं. वर्षातून एकदा कंपनी कुठेतरी काहीतरी देऊन यायची. कधी पाण्याच्या टाक्या, कधी रोपं, कधी चाकांच्या खुर्च्या. दानताईने जागा शोधायची, पाहुणे बोलवायचे, फलक छापून घ्यायचा आणि सगळ्यांचे चेहरे फोटोत नीट येतील असं बघायचं. पुढच्या वर्षी नवी जागा. जुन्या जागी पुन्हा कोणी फिरकत नसे. तीसुद्धा नाही. वेळ कुठे असतो!

यंदा वन्यजीवांचा नंबर होता. शहराबाहेरच्या पक्षी-उपचार केंद्राला एक गाडी भेट द्यायचं ठरलं. बैठकीत तासभर वाद झाला तो गाडीवरचं कंपनीचं नाव दारावर असावं की मागच्या बाजूला, यावर.

दानताई त्या वादात गप्प बसून होती. हल्ली ती बहुतेक गप्पच असे. आई गेल्यापासून घर तिला खायला उठायचं. आजारपण चालू होतं तोवर दिवस पुरत नव्हता. आता पहाटे जाग यायची आणि करायला काहीच नसायचं. परदेशातला भाऊ रविवारी फोन करून “कशी आहेस?” विचारायचा, ती “मजेत” म्हणायची, आणि मग दोघंही हवापाण्यावर यायचे. शेवटी तिने एक मार्ग काढला. जाग आली की आवरून सरळ ऑफिस गाठायचं. निदान तिथे लिफ्टचा आवाज तरी असतो.

अशाच एका सकाळी ती पोचली तेव्हा नुकतं उजाडत होतं. कंपनीची इमारत जमिनीपासून गच्चीपर्यंत काचेची. समोरच्या बागेतली झाडं आणि वरचं आभाळ तिच्यात हुबेहूब दिसायचं. काचेच्या पायथ्याशी सफाईवाल्या मावशी झाडत होत्या. दानताई जवळ गेली आणि जागीच थबकली. सुपलीत पानं नव्हती. पक्षी होते.

“मावशी, हे काय?”

“पक्षी आहेत, मॅडम. या दिवसांत लांबून येतात ना, ते धडकतात. लोक यायच्या आत उचलायचे, असं सांगून ठेवलंय आम्हाला.”

“कोणी सांगितलं?”

“आता ते कोणाला आठवतंय! पहिल्यापासूनच आहे.”

त्यातला एक अजून श्वास घेत होता. पिवळ्या पोटाचा, अंगठ्याएवढा जीव. दानताईने त्याला रुमालात घेतलं आणि रिक्षा करून तडक केंद्र गाठलं. ज्या जागेसाठी तिने महिनाभर फोनाफोनी केली होती, ती जागा ती पहिल्यांदाच बघत होती.

केंद्राचे म्हातारे डॉक्टर एकटेच होते. त्यांनी पक्ष्याची मान बोटाने हळूच उचलून पाहिली आणि विचारलं, “कुठे सापडला?”

तिने कंपनीचं नाव सांगितलं. डॉक्टर हसले. ते हसू काही बरं नव्हतं.

“म्हणजे गाडी देणारे तुम्हीच!”

“हो. का? तुम्हाला गाडी नको आहे का?”

“हवी आहे ना. नाही कशाला म्हणू? फक्त त्या गाडीत तुमच्याच दारातले पक्षी भरून आणायचे, आणि वर तुमचंच नाव मिरवायचं, याची जरा गंमत वाटते.”

दानताईला राग आला. “डॉक्टर, आम्ही मदत करतोय. तेवढीही कोणी करत नाही.”

“बाई, एखाद्याच्या पायावर पाय देऊन उभं राहायचं आणि त्याला मलमाची डबी भेट द्यायची, याला मदत म्हणतात का? आधी पाय उचला! मग मलमाचं बघू. या पक्ष्यांना काच दिसत नाही. त्यांना झाड दिसतं, आभाळ दिसतं. झाडांच्या उंचीपर्यंत काचेसमोर चार-चार बोटांच्या अंतराने दोऱ्या सोडल्या तरी त्यांना कळतं की इथे वाट नाही. मी तुमच्या ऑफिसला दोनदा कळवलं होतं. उत्तर आलं, ‘आपल्या सूचनेबद्दल आभारी आहोत.’”

बोलता बोलता ते थांबले. हातातला पक्षी गेला होता.

दानताई बाहेरच्या बाकावर येऊन बसली. आई गेली त्या दिवशी घर माणसांनी भरलं होतं; सगळ्यांना चहा विचारता विचारता रडायचं राहूनच गेलं होतं. आता इथे तिला कोणी ओळखत नव्हतं. ती मनसोक्त रडली.

दुपारी ती मोठ्या साहेबांसमोर उभी राहिली. साहेबांनी ऐकून घेतलं आणि मान हलवली. “काच ही आपली ओळख आहे. तिच्यासमोर दोऱ्या लोंबकळत ठेवायच्या? तुम्ही तुमचं दानाचं बघा. इमारतीचं बघायला वेगळी माणसं आहेत.”

“मग समारंभाचं भाषण दुसऱ्या कुणाकडून लिहून घ्या, साहेब. ‘आमचं पक्ष्यांवर प्रेम आहे’ हे वाक्य माझ्याच्याने आता लिहवणार नाही.” आपला आवाज तिला परका वाटला. “एकदा सकाळी लवकर या. एवढंच मागते.”

ही गोष्ट संध्याकाळपर्यंत सगळ्या मजल्यांवर पोचली. “दानताई बिथरली!” दुसऱ्या दिवशी जेवणाच्या वेळी तिच्या टेबलाशी कोणी बसलं नाही. एक जण हसत म्हणाला, “आता मुंग्यांसाठी जिने बांधा म्हणतील.” ती खाली मान घालून जेवली. नोकरी जाईल असं तिला वाटत होतं, आणि नोकरी गेली तर सकाळी उठून जायचं कुठे, हा प्रश्न त्याहून मोठा होता. तरीही ती रोज पहाटे येऊन काचेपाशी उभी राहायची. मावशींच्या बरोबरीने पक्षी उचलायची.

आणि एका सकाळी साहेब आले. स्वतः गाडी चालवत, एकटेच.

दोघं बागेच्या कडेला उभे राहिले. बराच वेळ काही झालं नाही. साहेब घड्याळ बघायला लागले, तेवढ्यात झाडातून एक पक्षी निघाला आणि काचेतल्या आभाळात सरळ घुसायला गेला. आवाज अगदी लहान होता. कोणी बोटाने दार वाजवावं तेवढा.

साहेबांनी पुढे होऊन त्याला उचललं. मग वर पाहिलं. काचेवर जिथे धडक बसली होती तिथे पंखांचा धुरकट ठसा उमटला होता.

“हे डाग...” ते म्हणाले. “या डागांवरून मी काच पुसणाऱ्यांना किती वेळा झापलंय!” त्यांचा तळहात तसाच उघडा होता. “अहो, हा अजून गरम आहे.”

दानताईने रुमाल पुढे केला.

“समारंभ पुढे ढकला,” साहेब म्हणाले. “आधी दोऱ्या लावू.”

पण तयार दोऱ्या मागवायच्या तर दोन-तीन महिने, आणि पक्षी येत होते ते आत्ता. कापून, गाठी मारून, काठ्यांना बांधून देणारे हात हवे होते. दानताईला वृद्धाश्रम आठवला. चाकांच्या खुर्च्या तिथेच दिल्या होत्या. तिथे एक आजी होती, आयुष्यभर शिवणकाम केलेली.

दारातच आजीने तिला ओळखलं. “उगवलीस होय! त्या फोटोत माझे डोळे मिटले होते. म्हटलं, पुन्हा काढायला येतील. कसलं काय!”

खुर्च्यांपैकी एकीचं चाक कधीच अडकलं होतं. तिच्यावर टॉवेल वाळत होते. दानताईला मेल्याहून मेल्यासारखं झालं. “आजी, चुकलं माझं. यायला हवं होतं. आज मी काही द्यायला आले नाही, मागायला आले आहे. मदत हवी आहे.”

आजीने सगळं ऐकलं. “करू की. पण फुकट नाही हं! मजुरी पाहिजे, सगळ्यांना. आणि तू नुसती सामान टाकून पळायचं नाहीस. इथे बसायचंस, गाठी मारायच्यास. आम्हाला वस्तू पुष्कळ मिळतात, बाई. माणूस मिळत नाही.”

दानताई रोज संध्याकाळी तिथे बसू लागली. तिच्या गाठी सैल पडायच्या आणि आजी त्या सोडवून पुन्हा मारायला लावायची. खुर्चीचं चाक दुरुस्त झालं. दोऱ्या टांगायच्या दिवशी ऑफिसातले थोडेच लोक आले, पण मुंग्यांच्या जिन्यांवरून हसणारा त्यांत होता. शिडी त्यानेच धरली.

दोऱ्या लागल्यानंतरच्या सकाळी दानताई काचेसमोर एकटीच उभी होती. फोटो काढणारं कोणी नव्हतं. झाडातून एक थवा निघाला, काचेच्या दिशेने आला आणि दोऱ्यांच्या अलीकडून वळून इमारतीला वळसा घालून निघून गेला. सगळेच काही वाचले नाहीत; त्या आठवड्यातही मावशींना दोन मेलेले सापडले. पण पूर्वी सुपली भरायची.

वाचकहो, दान करणं चांगलंच आहे, आणि ज्याला जमेल त्याने ते जरूर करावं. पण कंपनी असो की तुमचं-आमचं घर, आपल्यामुळे कोणाला इजा होते आहे का, हे आधी बघायला हवं. ती थांबवणं ही पहिली जबाबदारी. आणि जिथे एकदा काही देऊन आलो, तिथे पुन्हा जाऊन “कसं चाललंय?” म्हणून विचारणं ही दुसरी. हे दोन्ही केल्याशिवाय दिलेली वस्तू कितीही मोठी असली, तरी तिच्यावर आपलं नाव लिहायचा हक्क आपल्याला नाही.

पक्षी-उपचार केंद्राला गाडी मिळाली. ती पांढरी आहे, आणि तिच्यावर कोणाचंच नाव नाही.