खळीखालची चिठ्ठी

मी एक जुना सहावा खंड आहे, मित्रांनो. सात खंडांच्या एका लांबलचक कादंबरीतला सहावा. पहिल्या खंडाचं कौतुक होतं, शेवटच्याची वाट पाहिली जाते, आणि मी आपला मधल्या मध्ये. पूर्वी मला त्याचं वाईट वाटायचं. आता फारसं काही वाटत नाही.

माझ्या पोटात मिठाच्या डोंगरापलीकडचं एक राज्य आहे. तिथे एक मुकी राणी आहे, एक म्हातारा नावाडी आहे आणि एक रिकामी गादी आहे. त्या गादीवर कोण बसणार, हे सातव्या खंडात कळायचं होतं.

छापखान्यातून निघालो तेव्हा माझी पानं नुसती गोंदावर चिकटवलेली होती. मला विकत घेतलं एका बाइंडरने. त्याने मला उलटंसुलटं करून पाहिलं आणि म्हणाला, "काय हे काम! दोन महिन्यांत पानं हातात येतील." मग त्याने माझी पाठ खरवडली, मला दोऱ्याने शिवलं आणि जाड पुठ्ठे चढवले. आज इतक्या वर्षांनीही माझं एक पान सुटलेलं नाही.

बाइंडरला एक मुलगी होती. तो तिला सेनापती म्हणायचा, ती त्याला बाबा. मुलगी दहा वर्षांची असल्यापासून बापलेक या कादंबरीच्या नादी लागले होते. बाबांचे हात दिवसभर खळीत, म्हणून मुलगी मोठ्याने वाचायची आणि बाबा ऐकायचे. ऐन लढाईत गिऱ्हाईक आलं, की बाबा म्हणायचे, "जरा थांबा हो, इथे पूल पडतोय." गिऱ्हाईक बिचारं वह्या घेऊन उभं राहायचं.

प्रत्येक खंड संपला, की दोघं पुढचा अंदाज लिहीत. मुलगी पहिल्या कोऱ्या पानावर, बाबा शेवटच्या. मग त्या चिठ्ठीवर खळीने कागद चिकटवायचा. पुढचा खंड वाचून झाल्याशिवाय तो सोलायचा नाही. हरेल त्याने आठवडाभर दुकानातलं कागदाचं कातरण झाडायचं. बाबा पाचही वेळा हरले होते. "त्या लेखकालाच काही कळत नाही," असं पुटपुटत झाडू उचलायचे.

माझ्या पानांवरही दोघांनी अंदाज लिहिले. खळीत मोरचूद घातलं, की कीड लागत नाही. लोकांच्या वह्यांना बाबा ते कधी विसरले नाहीत. शेवटच्या पानाच्या वेळी मात्र घाई झाली आणि मोरचूद राहिलं.

अडीच महिन्यांनी बाबा गेले. दुकानातच, खुर्चीत बसल्या बसल्या. मुलगी रडली नाही. लोक म्हणाले, "दगड आहे की काय पोरगी!" पाचव्या दिवशी तिने दुकान उघडलं, खळ शिजवली आणि राहिलेल्या वह्या पुऱ्या केल्या. त्यानंतर तिने मोठ्याने काही वाचलं नाही.

नऊ वर्षांनी सातवा खंड निघाला. ती रांगेत उभी राहून पहिल्याच दिवशी घेऊन आली आणि गुंडाळलेला तसाच माझ्या शेजारी ठेवला. सात महिने तो तसाच होता.

तिची आत्या अधूनमधून दुकानात यायची. एकदा ती म्हणाली, "अगं, एवढा जीव टाकायचीस या पुस्तकांवर! आणि आता गाठोडं बांधून ठेवलंस?"

"वाचलं की चिठ्ठी उघडावी लागेल, आत्या," मुलगी म्हणाली. "बाबांचं न वाचलेलं तेवढंच उरलंय."

चिठ्ठीत काय आहे, ते मला ठाऊक होतं, पण पुस्तकाला विचारतो कोण?

मग एका दुपारी धूळ झटकताना तिने माझं शेवटचं पान उलटलं. चिकटवलेल्या कागदाचा कोपरा चाळणीसारखा झाला होता. कसर लागली होती. तिने डांबराच्या गोळ्या ठेवल्या, पण एकदा आत शिरलेली कसर गोळ्यांना भीक घालत नाही.

"सरळ सोलून टाक ना," आत्या म्हणाली.

"नाही. नियम म्हणजे नियम."

तिने त्याच दिवशी सातव्या खंडाचं वेष्टण सोडलं. दुकानाला अर्धं दार लावून ती वाचू लागली, मोठ्याने, सपाट आवाजात, बिलं वाचावीत तसं. तिसऱ्याच प्रकरणात नावाडी बुडून मेला. मी मनात म्हटलं, अरे देवा! तिला मात्र काहीच कळलं नाही. सहा दिवस ती वाचत राहिली. शेवटी मुकी राणी बोलली आणि गादीवर बसली. मुलीने नेमकं हेच लिहिलं होतं. तिला आनंदही झाला नाही.

मग तिने ओल्या फडक्याने माझा कागद भिजवला आणि हळूहळू सोलला. खालची सही कसरीने खाल्ली होती. बाकीचं शाबूत होतं.

"गादीवर नावाडीच बसणार. लिहून ठेव! आणि काय गं सेनापती, आधीच उघडलंस ना? लबाड!"

"नाही हो बाबा," ती म्हणाली. "नऊ वर्षं नखसुद्धा लावलं नाही."

आणि मग ती रडली. माझं शेवटचं पान अजून जरा फुगलेलं आहे, ते त्यामुळे.

मित्रांनो, पुस्तकांना जपा. पानं दुमडू नका, वर्षातून एकदा तरी ऊन दाखवा, खळीत मोरचूद घाला. आणि आमच्यात कुणी तुमच्यासाठी काही लिहून ठेवलं असेल, तर ते वेळेवर वाचा. कसर वाट पाहत नाही.

त्या आठवड्यात दुकानात कातरणाचा ढीग साचला. पाय ठेवायला जागा उरली नाही. आत्या दारातच थबकली.

"अगं, ही काय दशा! झाडत का नाहीस?"

"या आठवड्यात माझी पाळी नाही," मुलगी म्हणाली आणि शिवत राहिली.

आठव्या दिवशी सकाळी तिने झाडू घेतला.